एनोशिमा बेटावरचा एक दिवस : नौपाड्यातील एका प्रवास-नियोजन सेवेची पारख

ठाण्यात नौपाड्यातील एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, जेमतेम दोन टेबले मावतील एवढ्या जागेत चालणाऱ्या एका प्रवास-नियोजन सेवेकडून आम्ही २०२४ च्या नोव्हेंबरमधील आमच्या जपान प्रवासातल्या एका दिवसाचा आराखडा करून घेतला. ही सेवा सहली काढत नाही, विमानाची तिकिटे विकत नाही आणि हॉटेलचे आरक्षणही करून देत नाही. स्वतःच्या हिमतीवर परदेशी निघालेल्या कुटुंबांना एकेका दिवसाचे नियोजन मराठीत लिहून देणे एवढेच काम ती करते आणि त्यासाठी तिने आमच्याकडून २,४०० रुपये घेतले. सेवेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवांबद्दल लिहायचे आहे आणि त्या मी कार्यालयात समोर बसून त्यांना सांगितल्या आहेत. तेथे त्यांना उत्तर देता आले, येथे ते देता येणार नाही. मात्र असे नियोजन कोणाकडूनही करून घेणाऱ्या किंवा घरी बसून स्वतः करणाऱ्या वाचकाला या अनुभवाचा उपयोग होईल, म्हणून तो सविस्तर मांडते.

आमची मागणी साधी होती. टोकियोत सहा दिवस राहायचे होते, त्यांपैकी एक दिवस समुद्राकाठी घालवायचा होता आणि सोबत माझ्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या, ज्यांना मोठ्या शहरांपेक्षा देऊळ आणि पाणी यांची ओढ अधिक आहे. कार्यालयातील वयस्कर गृहस्थांनी हे ऐकून आधी सासूबाईंनाच विचारले, "आजी, तलावपाळीला एक फेरी मारायला तुम्हाला किती वेळ लागतो?" त्यांना नेमके सांगता आले नाही, तेव्हा त्यांनी दोन दिवस संध्याकाळी मासुंदा तलावाला फेरी मारून, मध्ये कुठे बसावे लागले तेही लिहून आणायला सांगितले आणि स्थानकाच्या पादचारी पुलावर न थांबता किती पायऱ्या चढता येतात तेही मोजायला सांगितले. आम्ही तसे केले. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या अर्जात हा प्रश्न मी आजवर पाहिलेला नाही आणि ही विचारपूस पाहूनच आम्ही त्यांना पैसे दिले, हे येथे नमूद करते.

त्यांनी सुचवलेले ठिकाण म्हणजे कानागावा प्रांतातील फुजिसावा शहराला लागून असलेले एनोशिमा हे बेट. त्याचा परीघ सुमारे चार किलोमीटर आहे आणि मुख्य भूमीशी ते पुलाने जोडलेले आहे, त्यामुळे घारापुरीसारखी तासभराची बोट लागत नाही. पूल नसता तरी ओहोटीच्या वेळी वाळूचा पट्टा उघडा पडून बेटाकडे चालत जाता येते, हे आराखड्यात वाचताना आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अलिबागचा कुलाबा किल्ला उभा राहिला. टोकियोतून जाऊन त्याच दिवशी परत यायला हे ठिकाण सोयीचे आहे. परंतु सासूबाईंनी होकार दिला तो दुसऱ्याच कारणासाठी : या बेटाची देवता बेंझाइतेन ही मुळात आपली सरस्वती आहे.

आराखड्याच्या अकरा पानांपैकी दोन पाने या एकाच विषयाला दिलेली होती आणि माझ्या मते संपूर्ण कामातील तोच सर्वांत मोलाचा भाग होता. सरस्वती जपानमध्ये पोहोचली ती बौद्ध धर्माच्या वाटेने आणि मुख्यतः सुवर्णप्रभाससूत्राच्या चिनी भाषांतरातून; त्या सूत्रात तिचे शस्त्रे धारण केलेले अष्टभुज रूप वर्णिलेले आहे आणि म्हणूनच जपानमधील जुन्या मूर्तींमध्ये तिला आठ हात असतात. पुढे तिच्या हाती वीणेच्या जागी बिवा हे त्यांचे तंतुवाद्य आले, ती सात भाग्यदेवतांमधील एकमेव स्त्री-देवता झाली आणि नदीची देवता असल्यामुळे तिची स्थाने पाण्याजवळ, बहुधा बेटांवर वसली. एनोशिमा, बिवा सरोवरातील चिकुबू आणि हिरोशिमाजवळील इत्सुकुशिमा ही तिची तीन प्रमुख स्थाने मानली जातात आणि तिन्ही बेटेच आहेत. एनोशिमाची आख्यायिका कोकेई नावाच्या भिक्षूने १०४७ मध्ये लिहून ठेवली. त्या भागाला छळणारा पाच तोंडांचा ड्रॅगन, ५५२ मध्ये समुद्रातून वर आलेले बेट आणि त्यावर उतरलेली देवी, तिच्यावर मोहित होऊन शांत झालेला ड्रॅगन, अशी ती कथा आहे. पुढे ११८२ मध्ये मिनामोतो नो योरितोमो या सेनानीने युद्धातील यशासाठी येथे बेंझाइतेनची स्थापना करविली, हा इतिहास. आख्यायिका कोणती आणि इतिहास कोणता हे आराखड्यात वेगवेगळे करून लिहिलेले होते, याचे मला विशेष समाधान वाटले, कारण एरवी आपल्याकडच्या प्रवासी माहितीत या दोहोंची सरमिसळ करून काहीतरी भव्य लिहिण्याची सवय आहे.

प्रवासाच्या भागात सेवेने एक अत्यंत उपयोगी गोष्ट केली. एनोशिमाच्या आसपास तीन निरनिराळ्या रेल्वेंची तीन स्थानके आहेत आणि तिघांच्याही नावात एनोशिमा आहे : ओदाक्यू रेल्वेचे कातासे-एनोशिमा, एनोदेनचे नुसते एनोशिमा आणि मोनोरेलचे शोनान-एनोशिमा. बेटाला सर्वांत जवळचे आहे ते कातासे-एनोशिमा, जेथून चालत पूल ओलांडायला सासूबाईंच्या गतीने आम्हाला वीस मिनिटे लागली. उरलेल्या दोन स्थानकांवरून अंतर वाढते आणि मध्ये दुकानांची वर्दळीची गल्ली लागते. ज्यांच्यासोबत वयस्कर माणूस आहे त्यांच्यासाठी हा फरक किरकोळ नाही. नकाशावर केवळ "एनोशिमा" लिहून शोधणाऱ्याला भलत्याच स्थानकावर उतरण्याची भीती असते, म्हणून त्यांनी तिन्ही नावे जपानी लिपीत मोठ्या अक्षरांत छापून दिली होती आणि त्यांतील योग्य नावाभोवती लाल पेनाने गोल केला होता. हे स्थानक ओळखायला सोपे आहे असेही लिहिले होते आणि ते खरे निघाले, कारण त्याची इमारत जपानी लोककथेतील समुद्रतळाच्या नागराजाच्या महालासारखी, लाल खांब आणि वळणदार छपरांची आहे.

तिकिटाबाबत त्यांनी टोकियोतील शिंजुकू स्थानकाहून ओदाक्यू रेल्वेचा एनोशिमा-कामाकुरा फ्री पास घ्यायला सांगितले. आम्ही गेलो तेव्हा त्याची किंमत प्रौढ माणशी १,६४० येन होती. शिंजुकू ते फुजिसावा जाणे-येणे, फुजिसावा ते कातासे-एनोशिमा या टप्प्यावर आणि एनोदेनवर दिवसभर हवे तितके फिरणे या पासात येते. जपान रेलचा जो पास परदेशी प्रवासी घेऊन येतात, तो एनोदेनवर चालत नाही, हे त्यांनी जाड अक्षरांत लिहिले होते. शेजारच्या इमारतीतील एका कुटुंबाला हेच माहीत नसल्यामुळे दोनदा तिकिटे काढावी लागली होती. रोमान्सकार या जलद गाडीचे जादा शुल्क पासात धरलेले नसते, हेही स्पष्ट होते. एक गोष्ट त्यांनी अधिक ठळकपणे लिहायला हवी होती : बहुतेक गाड्या थेट बेटापर्यंत जात नाहीत आणि फुजिसावाला उतरून दुसरी गाडी धरावी लागते. तो उल्लेख चौथ्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात होता आणि आम्ही तो वाचला नसता तर गोंधळलो असतो.

परत येताना एनोदेनने शेजारच्या कामाकुरा शहराच्या दिशेने चार-पाच स्थानके जाऊन त्याच गाडीने मागे फिरावे, अशी सूचना होती. ही रेल्वे १९०२ मध्ये सुरू झाली, तिची एकूण लांबी दहा किलोमीटर आणि स्थानके पंधरा. एनोशिमा सोडल्यावर ती काही अंतर चक्क रस्त्याच्या मधोमध, मोटारींच्या सोबतीने धावते आणि पुढे घरांच्या परसदारांतून निघून एकदम समुद्राच्या काठावर येते. पास असल्यामुळे त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. सूचना उत्तम होती. पण ती आम्हाला पाळता आली नाही, आणि का नाही ते पुढे येईलच.

सेवेच्या बाजूने सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी कामाकुरा वगळले. आमच्या यादीत कामाकुराचा कांस्य बुद्ध होता आणि बहुतेक तयार सहलींमध्ये हा बुद्ध आणि एनोशिमा एकाच दिवसात बसवलेले असतात. गृहस्थांनी आमच्यासमोर त्यावर रेघ मारली आणि कारण सांगितले : नोव्हेंबरमध्ये तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, बेटावरील गुहा हिवाळ्यात लवकर बंद होते, आणि आजींची चाल धरली तर दोन्ही ठिकाणे अर्धवट होतील. मी तेव्हा थोडी नाराज झाले होते. परंतु ज्या नियोजनात काय वगळावे हे लिहिलेले असते, त्यालाच नियोजन म्हणता येते, बाकीच्या याद्या असतात, असे माझे या दिवसानंतर पक्के मत झाले आहे.

आता प्रत्यक्ष बेटावर. पूल संपताच १८२१ मध्ये पुन्हा उभारलेले हिरवट कांस्याचे तोरीइ म्हणजे देवळाचे तोरण लागते आणि त्याच्या पलीकडे चढणीची अरुंद बाजारगल्ली सुरू होते, जेथे अख्खा ऑक्टोपस तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबून पापडासारखा पातळ करून विकतात आणि त्यासाठी लांब रांग असते. गल्लीच्या शेवटी लाल तोरीइ आणि मग देवळाच्या पायऱ्या. तेथेच डाव्या हाताला एस्कारचे तिकीटघर आहे. एस्कार म्हणजे डोंगर चढवून नेणारे सरकते जिने. १९५९ मध्ये बसवलेले हे जपानमधील पहिले बाहेरचे सरकते जिने मानले जातात आणि ते एकूण ४६ मीटर उंची चढवून नेतात. तिकीट ३६० येन होते. टप्प्याटप्प्याने चढत जाताना प्रत्येक टप्प्यावर एकेक देऊळ लागते, ही रचना वयस्कर माणसांसाठी फार सोयीची आहे आणि आराखड्यात ती नेमकी उलगडून सांगितलेली होती.

पहिल्या टप्प्यावरचे देऊळ हेत्सुमिया. त्याच्या बाजूच्या अष्टकोनी छोट्या दालनात बेंझाइतेनच्या दोन मूर्ती आहेत : एक अष्टभुज आणि दुसरी बिवा वाजवणारी, गौरवर्णी, वस्त्ररहित. आराखड्यात या दुसऱ्या मूर्तीबद्दल सासूबाईंना आधी सांगून ठेवा अशी सूचना होती, ती योग्यच होती. त्या बराच वेळ तेथे उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात जोडून 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' हा श्लोक अगदी हळू आवाजात पूर्ण म्हटला. दालनातल्या दुसऱ्या दोन जपानी वृद्ध स्त्रिया तो संपेपर्यंत थांबल्या आणि नंतर त्यांनीही वाकून नमस्कार केला. दुसऱ्या टप्प्यावर नाकात्सुमिया आणि तिसऱ्यावर माथ्यावरचा बगिचा, जो सॅम्युअल कॉकिंग या ब्रिटिश व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारला होता. त्याची काचघरे १९२३ च्या मोठ्या भूकंपात कोसळली आणि आता त्यांच्या विटांचे पाये तेवढे दिसतात. बगिच्यातच सी कँडल हा ५९.८ मीटर उंचीचा दीपगृह-मनोरा आहे, ज्यात लिफ्ट आहे. त्या दिवशी वारा जोराचा असल्यामुळे हवा स्वच्छ होती आणि मनोऱ्यावरून फुजी पर्वत स्पष्ट दिसला. येथवर आराखडा तंतोतंत जुळला. वेळाही पाच-दहा मिनिटांच्या फरकाने बरोबर निघाल्या.

अडचण सुरू झाली ती यापुढे. आराखड्याची मांडणी अशी होती की एस्कारने माथ्यावर जावे, तेथून बेटाच्या पलीकडच्या टोकाला ओकुत्सुमिया हे तिसरे देऊळ पाहून पायऱ्या उतरत चिगोगाफुची या खडकाळ किनाऱ्यावर आणि इवाया गुहेत जावे, आणि मग परतीचा चढ टाळण्यासाठी तेथूनच बेंतेन-मारू या छोट्या बोटीने सहा-सात मिनिटांत पुलाजवळ परत यावे. कागदावर ही रचना सुंदर आहे, कारण तीत सासूबाईंना चढायचे काहीच उरत नाही. परंतु संपूर्ण दिवस एका बोटीवर टांगलेला होता आणि ती बोट समुद्र खवळलेला असला की चालत नाही. सकाळी पुलावरून येतानाच आम्ही धक्क्यावर चौकशी केली, तेव्हा त्या दिवशी बोट बंद असल्याचे कळले. आराखड्यात "हवामान खराब असल्यास बोट बंद राहू शकते" असे एक वाक्य होते. मात्र तसे झाल्यास काय करावे याबद्दल एक अक्षरही नव्हते.

अशा वेळी फोन करावा, असे त्यांनी सांगितले होते आणि दूरध्वनीवरील मदत शुल्कात धरलेली होती. परंतु जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे. आम्ही धक्क्यावर उभे होतो तेव्हा तेथे सकाळचे साडेनऊ वाजले होते, म्हणजे ठाण्यात सहा. कार्यालय अकराला उघडते, त्या वेळी एनोशिमात दुपारचे अडीच वाजलेले असतात. संदेशाला उत्तर आले ते अकरा वाजून दहा मिनिटांनी, अतिशय आपुलकीचे आणि मुद्देसूद, पण तोवर आमचे सर्व निर्णय घेऊन झाले होते. पूर्वेकडील देशांसाठी नियोजन करणाऱ्या सेवेने मदतीच्या वेळा त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे ठरवायला हव्यात, नाहीतर ती मदत शुल्कात धरू नये. ही माझी मुख्य तक्रार आहे.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्याकडे घरचे नियोजन करणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते. एस्कार फक्त वर नेते; उतरण्यासाठी सरकते जिने नाहीत. आराखड्यात "एस्कारमुळे गुडघ्यांचा प्रश्न सुटतो" असे वाक्य होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारा : दुखणे चढताना जितके बोलते त्याच्या दुप्पट ते उतरताना बोलते. आमच्याकडून पुलाच्या पायऱ्या किती चढता येतात हे मोजून घेतले गेले, किती उतरता येतात हे विचारले गेले नाही. शिवाय माथ्यापासून ओकुत्सुमियाकडे जाणारी वाट सपाट नाही. मध्ये यामाफुतात्सु नावाची घळ आहे, जेथे बेट जणू दोन तुकड्यांत विभागल्यासारखे दिसते. तेथे वाट पायऱ्यांनी खाली जाते आणि पलीकडे पुन्हा वर चढते. ओकुत्सुमियानंतर चिगोगाफुचीपर्यंतची उतरण तर सलग आणि खडी आहे.

आम्ही असे केले. सासूबाई विश्रांती घेत घेत ओकुत्सुमियापर्यंत आल्या. तेथील छतावर आठही दिशांना पाहणाऱ्या कासवाचे चित्र आहे. मूळ चित्र साकाई होइत्सु या चित्रकाराचे. कुठेही उभे राहिले तरी ते आपल्याकडेच पाहते, हे त्यांनी चारही बाजूंनी फिरून तपासले. पुढच्या पायऱ्या पाहून त्या म्हणाल्या, "मी सरस्वतीला भेटायला आले होते, ती भेटली. तुम्ही दोघे जाऊन या, मी इथे बसते." मी आणि माझे यजमान आळीपाळीने खाली गेलो. चिगोगाफुचीचा विस्तीर्ण खडक १९२३ च्या भूकंपात समुद्रातून वर उचलला गेलेला आहे आणि त्यावर उभे राहिल्यावर पायाखालची जमीन शंभर वर्षांपूर्वी पाण्यात होती, ही जाणीव अंगावर येते. इवाया गुहेच्या दोन शाखा आहेत, पहिली १५२ मीटर आणि दुसरी ५६ मीटर लांबीची. १९७१ मध्ये दरड कोसळल्यानंतर ती बंद होती आणि १९९३ मध्ये पुन्हा उघडली. प्रवेशाला तेव्हा ५०० येन होते. पहिल्या शाखेत हातात पेटती मेणबत्ती देतात आणि ओल्या भिंतींच्या कडेने रांगेत बसलेल्या दगडी मूर्तींपर्यंत त्या उजेडात जायचे असते. हीच बेटावरची उपासनेची मूळ जागा. माझी इच्छा होती की सासूबाईंनी ती पाहावी, आणि बोटीला पर्याय आधीच माहीत असता तर दिवसाची आखणी उलट्या क्रमाने करून, त्यांची ताकद या एका उतरणीसाठी राखून ठेवता आली असती.

परतीची वाट आम्हाला आराखड्याने नव्हे, तर ओकुत्सुमियाजवळच्या एका चहाच्या दुकानातील आजींनी दाखवली. माथ्यावरून न जाता डोंगराच्या कुशीतून, वस्तीच्या घरांमधून जाणारी, पायऱ्या पुष्कळ कमी असलेली एक खालची वाट यामाफुतात्सुजवळून फुटते आणि देवळाच्या प्रवेशद्वाराशी येऊन मिळते. ज्यांच्यासोबत वयस्कर माणसे आहेत त्यांनी ही वाट आधीच नकाशावर पाहून ठेवावी. तरीही यामाफुतात्सुपर्यंत यायला आणि पुढे उतरायला मिळून आम्हाला दीड तास लागला, सूर्य मावळला आणि एनोदेनचा फेरफटका राहिला.

जेवणाबद्दल. सासूबाई शाकाहारी आहेत आणि सेवेने जपानीत लिहिलेली एक चिठ्ठी दिली होती : मांस नको, मासे नकोत, माशांचा अर्कही नको. शेवटचा भाग लिहिणे आवश्यकच होते, कारण तेथील बहुतेक रश्शांचा आधार असलेला दाशी हा अर्क सुकवलेल्या माशापासून करतात आणि वरवर शाकाहारी दिसणाऱ्या नूडल्समध्येही तो असतो. पण या बेटावर चिठ्ठी दाखवल्यावर दोन्ही उपाहारगृहांत आम्हाला अत्यंत नम्रपणे नकारच मिळाला. खरा उपयोग झाला तो त्यांच्या दुसऱ्या सूचनेचा : घरून दशम्या, कोरडी चटणी आणि लोणचे न्यावे, ताजी फळे मात्र नेऊ नयेत, कारण ती विमानतळावरील वनस्पती-तपासणीत अडकतात. त्यातही एक त्रुटी राहिली. डबा समुद्राकडे तोंड करून मोकळ्यावर खावा असे लिहिले होते. या किनाऱ्यावर घारी मोठ्या संख्येने आहेत आणि त्या मागून झेप घेऊन हातातले खाणे उचलतात. तशा चित्रांचे फलक जागोजागी आहेत, ते आम्ही उशिरा पाहिले. घारीचा पंख यजमानांच्या खांद्याला घासून गेला आणि दशमी गेली. सासूबाई घाबरल्या, इजा कोणाला झाली नाही. पाठीमागे भिंत किंवा डोक्यावर छप्पर असेल अशाच जागी डबा उघडावा.

यजमान मासे खातात आणि त्यांच्यासाठी आराखड्यात शिरासूची नोंद होती. शिरासू म्हणजे तारली आणि तिच्या जवळच्या जातींच्या माशांची पांढरी पिल्ले. दिसायला आपल्या जवळ्याइतकी बारीक, पण ही कोळंबी नव्हे. सागामी उपसागरात १ जानेवारी ते १० मार्च या काळात त्यांची मासेमारी बंद असते, जशी आपल्याकडे जून-जुलैत बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताजी कच्ची शिरासू मिळत नाही. आम्ही बंदीच्या काळात गेलो नव्हतो, तरी ज्या वाऱ्याने आमची बोट बंद ठेवली त्यानेच होड्याही समुद्रात गेल्या नव्हत्या, म्हणून उकडलेल्या शिरासूचा भात मिळाला. तो त्यांना फार आवडला.

ठाण्याला परतल्यावर मी चार पानांची टिपणे घेऊन कार्यालयात गेले. गृहस्थांनी ती पूर्ण वाचली, मध्ये एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही आणि शेवटी निम्मे शुल्क परत देऊ केले, जे आम्ही घेतले नाही, कारण सरस्वतीची ती दोन पाने आणि कामाकुरावर मारलेली रेघ यांची किंमत आमच्या लेखी त्याहून जास्त होती. जपानसाठी मदतीचा फोन आता पहाटे साडेपाचपासून चालू राहील, असे त्यांनी सांगितले. ज्यांना स्वतः फिरायचे आहे, पण जपानी लिपीची आणि गाड्या बदलण्याची धास्ती वाटते, त्यांनी अशी सेवा जरूर घ्यावी, मात्र पैसे देण्यापूर्वी आराखड्यातील जी एक गोष्ट हवामानावर अवलंबून आहे तिच्यावर बोट ठेवून, "हे बंद असले तर आम्ही काय करायचे?" असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. वयस्कर माणूस सोबत असेल तर पायऱ्या उतरण्याचा प्रश्नही स्वतःहून काढावा.

डिसेंबरअखेरीस मी सासूबाईंनी दिलेले तिळाचे लाडू पोहोचवायला पुन्हा तेथे गेले, तेव्हा समोर घोडबंदर रोडचे एक जोडपे बसले होते, जे फेब्रुवारीत आईवडिलांना घेऊन एनोशिमाला निघाले होते. त्यांच्या आराखड्यात बोटीच्या परिच्छेदाखाली नवी चौकट होती, तीत खालच्या वाटेचा नकाशा हाताने काढलेला होता, घारींची सूचना होती, त्या दिवसांत ताजी शिरासू मिळणार नाही असेही लिहिलेले होते, आणि गृहस्थ त्या मुलाला विचारत होते की वडिलांना पुलाच्या किती पायऱ्या न थांबता उतरता येतात.